संरक्षित रानात तेल काढलं तर पैसा नेमका कुणाच्या हाती पडतो?

प्रश्न असा आहे: अलास्काच्या आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यात तेल काढू द्या, म्हणजे पेट्रोल स्वस्त होईल, सरकारी तिजोरी भरेल, स्थानिकांच्या हाताला काम मिळेल, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातंय. यात तथ्य किती, आणि शेवटी फायदा होतो तरी कुणाचा?

तेलक्षेत्रांचं आर्थिक मूल्यमापन करणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे. कुठल्या जमिनीखाली किती तेल असू शकेल, ते काढायला किती खर्च येईल, आणि आज घातलेला पैसा कधी परत येईल, याचा हिशोब मांडायचा. या कामात एक सवय अंगी मुरते. ‘कुणाला किती मिळणार’ हे विचारण्याआधी ‘कुणाला कधी मिळणार’ हे विचारायचं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या ‘कधी’मध्येच आहे. काहींना तेलाचा थेंबही निघण्याआधी फायदा मिळून जातो. काहींना तेल निघालं तरच मिळतो, आणि तोही दहा-वीस वर्षांनी. आणि काही जण असे आहेत की तेल निघो न निघो, किंमत त्यांना मोजावीच लागते. जाहिरात होते ती मधल्या गटाच्या नावानं. पैसा आधी पोचतो तो पहिल्या गटाकडे.

आधी जागेची ओळख. अभयारण्याचं क्षेत्र सुमारे १ कोटी ९० लाख एकर. १९६० मध्ये ते राखीव झालं, १९८० च्या कायद्यानं त्याचा विस्तार झाला. वाद आहे तो उत्तरेच्या समुद्राला लागून असलेल्या सुमारे १५ लाख एकरांच्या सपाट मैदानाचा. १९८० च्या कायद्यानं हा पट्टा अभ्यासासाठी बाजूला ठेवला आणि काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, मंजुरीशिवाय इथं तेल काढायला बंदी घातली. पॉर्क्युपाइन नावाच्या कळपातली कॅरिबू (ध्रुवीय प्रदेशातली हरणं; २०१७ च्या मोजणीत दोन लाखांहून अधिक) पिल्लांना जन्म द्यायला साधारणपणे याच मैदानाकडे येतात. ध्रुवीय अस्वलांच्या माद्या इथं बर्फात गुहा करतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं १९९८ मध्ये अंदाज दिला की या पट्ट्यात, लगतच्या मूलनिवासींच्या जमिनी आणि राज्याचं सागरी क्षेत्र धरून, ५.७ ते १६ अब्ज बॅरल काढण्याजोगं तेल असावं. मध्यम अंदाज १०.४ अब्ज. पुढची सगळी भाषणं या एका आकड्यावर उभी राहिली. पण तो अंदाज ‘तंत्राच्या दृष्टीनं काढता येण्याजोग्या’ तेलाचा होता. ते काढणं परवडेल की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बाजारभाव देतो.

आता पहिला गट. डिसेंबर २०१७ मध्ये ही बंदी उठली ती ऊर्जेच्या कायद्यानं नव्हे, करकपातीच्या कायद्यानं. त्या अर्थसंकल्पी प्रक्रियेत सिनेटमध्ये साध्या बहुमतानं काम भागतं. ऊर्जा समितीला दहा वर्षांत किमान १ अब्ज डॉलर उभे करून दाखवायचे होते. दोन लिलावांचं कलम घातलं, संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयानं केंद्राच्या वाट्याला सुमारे १.१ अब्ज डॉलर येतील असा अंदाज दिला, आणि गणित जुळलं. म्हणजे या तेलाचा पहिला उपयोग झाला तो एका विधेयकाचा हिशोब बसवायला. ज्यांना तो कायदा हवा होता त्यांचं काम त्याच दिवशी झालं. पुढे तेल निघालं नाही तरी त्यांचं काही अडत नव्हतं.

मग प्रत्यक्ष लिलाव झाला, ६ जानेवारी २०२१ ला. सगळ्या बोल्या मिळून आले १ कोटी ४४ लाख डॉलर. हा आकडा नुसता वाचून सोडून देऊ नका. प्रुडो बे या अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मोठ्या तेलक्षेत्राचा शोध लागल्यावर १९६९ मध्ये अलास्कानं जो लिलाव केला होता, त्यात त्या काळच्या डॉलरमध्ये ९० कोटी जमा झाले होते. २०२१ मध्ये किमान दर होता एकराला २५ डॉलर, आणि बहुतेक बोल्या त्याच्याच आसपास होत्या. एकही मोठी तेल कंपनी आली नाही. सर्वाधिक बोल्या कुणी लावल्या, तर अलास्का राज्याच्याच औद्योगिक विकास आणि निर्यात प्राधिकरणानं. सुमारे १ कोटी २० लाख डॉलर त्याचे होते, म्हणजे सार्वजनिक पैसा. शिवाय कायद्यानुसार बोलीच्या रकमेतला अर्धा वाटा परत अलास्कालाच. दोन लहान कंपन्यांनी एकेक तुकडा घेतला आणि पुढच्याच वर्षी सोडून दिला. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या लिलावात एकही बोली आली नाही.

आमच्या धंद्यात याचा अर्थ लावायला फार अक्कल लागत नाही. जमिनीखाली काय आहे याचा कंपनीचा खरा अंदाज भाषणात नसतो, बोलीत असतो. त्या मैदानात आजवर एकच शोधविहीर खोदली गेली, १९८० च्या दशकाच्या मध्यात, शेव्हरॉन आणि बीपीनं, मूलनिवासींच्या जमिनीवर. तिचे निकाल तीस वर्षांहून जास्त काळ गुप्त राहिले. २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं बातमी दिली की विहीर निराशाजनक निघाली होती. बड्या कंपन्या लिलावाला न फिरकण्यामागे हे एकच कारण नव्हतं. २०१९ च्या डिसेंबरात गोल्डमन सॅक्सनं आर्क्टिकमधल्या नव्या तेलप्रकल्पांना पैसा देणार नाही असं जाहीर केलं होतं, आणि वर्षभरात अमेरिकेतल्या बाकीच्या बड्या बँकाही त्याच वाटेनं गेल्या. कोर्टकचेरी किती वर्षं चालेल याचा भरवसा नव्हता. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं प्राधिकरणाच्या लीज, म्हणजे लिलावात मिळालेले भाडेपट्टे, रद्द केल्या, २०२५ मध्ये न्यायालयानं ते रद्द करणंच बेकायदा ठरवलं. या सगळ्या काळात कमाई होत राहिली ती वकिलांची, सल्लागारांची, परवान्यांचे अहवाल लिहिणाऱ्यांची आणि लॉबी करणाऱ्यांची. ती कमाई गैर आहे असं मी म्हणत नाही. पण तेल निघण्याशी तिचा संबंध नाही, हे लक्षात घ्या.

पहिल्या आणि दुसऱ्या गटाच्या सीमेवरचं एक नाव सहसा कुणी घेत नाही: पाइपलाइनचे मालक. प्रुडो बेपासून वाल्डीझ बंदरापर्यंतची ८०० मैलांची पाइपलाइन १९७७ मध्ये सुरू झाली. १९८८ च्या सुमारास तिच्यातून दिवसाला २० लाख बॅरल वाहत होते. आता पाच लाखांहूनही कमी वाहतात. पाइपलाइनचा बहुतेक खर्च स्थिर असतो. तेल निम्मं झालं म्हणून देखभाल निम्मी होत नाही, त्यामुळे बॅरलमागचं भाडं वाढत जातं. प्रवाह मंदावला की तेल थंड होतं, मेण साचतं, पाणी गोठण्याचा धोका वाढतो. त्यात नवं तेल येऊन मिसळलं, कुठूनही, तर जुन्या क्षेत्रांतल्या प्रत्येक बॅरलचा वाहतूक खर्च उतरतो आणि पाइपलाइनचं आयुष्य लांबतं. मालकी हिलकॉर्पची संलग्न कंपनी, कोनोकोफिलिप्स आणि एक्सॉनमोबिल यांच्यात वाटलेली आहे. अभयारण्यात एक डॉलर न घालताही, तिथे दुसऱ्या कुणी तेल काढलं तर यांच्या जुन्या विहिरींची किंमत वाढते. अशा प्रस्तावाच्या मूल्यमापनात मी सगळ्यात आधी हेच शोधतो: शेजारी आधीपासून कोण बसलंय?

आता दुसरा गट, तेल निघालं तरच ज्यांना फायदा आहे ते. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनानं २०१८ मध्ये मांडलेल्या चित्रात पहिलं तेल २०३१ मध्ये, आणि मध्यम अंदाजात उत्पादनाचं शिखर २०४१ मध्ये, दिवसाला ८ लाख ८० हजार बॅरल. बोलीच आली नाही, त्यामुळे ते वेळापत्रक केव्हाच कोलमडलंय, पण आकडा धरून चालू.

पेट्रोलचा भाव आधी घेऊ. याच संस्थेनं २००८ मध्ये हिशोब केला होता की अभयारण्याचं तेल आल्यावर, सुमारे २०२५ च्या सुमारास, कच्च्या तेलाचा भाव बॅरलमागे मध्यम अंदाजात ७५ सेंटनं उतरेल. कमीत कमी ४१ सेंट, जास्तीत जास्त १ डॉलर ४४ सेंट. बॅरलमध्ये ४२ गॅलन. म्हणजे गॅलनला दोन सेंटही नाही. आणि ओपेक या तेल निर्यातदारांच्या संघटनेतल्या देशांनी आपलं उत्पादन तेवढंच कमी केलं तर तेही नाही, हे त्याच अहवालात नमूद होतं. जग दिवसाला सुमारे १० कोटी बॅरल तेल जाळतं. त्यात नऊ लाखांची भर पडली तर भाव हलला तर हलतो, आणि तोही सगळ्या जगासाठी. ‘आपलं तेल आपल्यालाच’ असंही काही बंधन नाही. अलास्काचं तेल निर्यात करायची मुभा १९९५ पासून आहे.

तिजोरीचा हिशोब एका बॅरलवर करून बघू. सोयीसाठी भाव ७० डॉलर धरा. पाइपलाइन आणि जहाजाचे मिळून १० वजा केले, तर विहिरीच्या तोंडाशी ६० उरतात. २०१७ च्या कायद्यानं रॉयल्टी, म्हणजे सरकारला द्यायचा हिस्सा, १६.६७ टक्के, म्हणजे १० डॉलर. त्यातले पाच केंद्राला, पाच अलास्काला. शिखराच्या वर्षात केंद्राचा हा वाटा वर्षाला १.६ अब्ज डॉलर होतो. ऐकायला मोठा वाटतो. पण अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या वार्षिक खर्चाशी ताडून बघितला तर दर दहा हजार डॉलरमागे अडीच डॉलरही पडत नाहीत. कंपनीच्या नफ्यावरचा कर वेगळा, हे खरं. त्यानं चित्र थोडं सुधारतं, बदलत नाही. शिवाय हे पैसे वीस वर्षांनंतरचे आहेत. दहा टक्के दरानं वीस वर्षांनी मिळणाऱ्या डॉलरची आजची किंमत पंधरा सेंट. कंपनी स्वतःचा निर्णय याच दरानं घेते. जनतेला मात्र वीस वर्षांनंतरचा आकडा पूर्ण किमतीनं दाखवला जातो. या पद्धतीचा मला मनापासून राग आहे.

अलास्काच्या लोकांचं काय? त्यांची बाजू कमी लेखू नये. तिथं वैयक्तिक प्राप्तिकर नाही, राज्याचा विक्रीकर नाही, आणि १९७६ मध्ये राज्यघटना बदलून उभारलेल्या कायमस्वरूपी निधीतून १९८२ पासून दरवर्षी प्रत्येक पात्र रहिवाशाला लाभांश मिळतो. २०२२ मध्ये तो ३,२८४ डॉलर होता, २०२५ मध्ये १,०००. हे तेलानंच दिलं. पण अभयारण्यातलं तेल त्यात किती भर घालेल? राज्याच्या पाच डॉलरमधले किमान २५ टक्के निधीत जायला हवेत. शिखरावरच्या एका वर्षाचे झाले साधारण ४० कोटी डॉलर. ते गुंतवले, पाच टक्के उत्पन्न धरलं आणि सगळं साडेसहा लाख लोकांत वाटलं, तरी माणशी वर्षाला तीसेक डॉलर. दर वर्षीच्या तेलानं ही रक्कम वाढत जाईल आणि राज्याचा उत्पादन कर वेगळा मिळेल, म्हणून फायदा शून्य नाही. जुलै २०२५ च्या नव्या कायद्यानं दहा वर्षांत आणखी चार लिलाव सक्तीचे केलेत आणि २०३४ पासून राज्याचा वाटा ७० टक्के केलाय. पण ७० टक्के कशाचे, हा प्रश्न उरतोच.

मालकी कुणाची यावरही राज्याचं उत्पन्न ठरतं. बीपीनं २०२० मध्ये अलास्कातला आपला व्यवसाय ५.६ अब्ज डॉलरच्या व्यवहारात हिलकॉर्पला विकला. हिलकॉर्प खासगी कंपनी आहे. तिचा नफा करासाठी मालकांच्या वैयक्तिक उत्पन्नात धरला जातो, आणि राज्याला वैयक्तिक प्राप्तिकरच नाही. परिणामी बीपी जो राज्याचा कंपनी कर भरायची तो हिलकॉर्पला लागू होत नाही. तेल तेच, विहीर तीच, फक्त पाटी बदलली आणि राज्याचा एक उत्पन्नाचा स्रोत बंद झाला. लिलावाच्या दिवशी मांडलेलं कराचं गणित पुढच्या मालकाला चिकटून राहतंच असं नाही.

रोजगाराबद्दल फार लिहीत नाही. १९९० मध्ये तेल उद्योगाच्या संघटनेनं करून घेतलेल्या अभ्यासात ७ लाख ३५ हजार रोजगारांचा आकडा आला होता. त्यामागचं मुख्य गृहीतक होतं जागतिक भाव बराच पडेल हे, आणि ते टिकण्यासारखं नव्हतं. प्रत्यक्षात बांधकामाची काही वर्षं मोठी भरती होते, मग क्षेत्र चालवायला मोजकी कुशल माणसं पुरतात. अलास्काच्या तेल उद्योगातल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कामगार राज्याबाहेरचे असतात: ठरावीक आठवडे कॅम्पवर, मग विमानानं घरी.

आता तिसऱ्या गटाकडे येतो, आणि इथं सोपं उत्तर कुणी दिलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. अभयारण्याच्या हद्दीतलं एकमेव गाव म्हणजे काक्तोविक. वस्ती तीनशेच्याही आत, इन्युपियात लोकांची. त्यांच्यातले बरेच जण तेलाच्या बाजूनं आहेत, आणि त्यांना कारण आहे. १९७२ मध्ये नॉर्थ स्लोप बरो ही त्यांची स्थानिक संस्था उभी राहिली आणि तेलाच्या यंत्रसामग्रीवर मालमत्ता कर बसवू लागली. शाळा, दवाखाने, नळाचं पाणी, सांडपाण्याची सोय, अग्निशमन, हे सगळं त्या करातून आलं. त्याआधी हायस्कूलसाठी मुलांना घरापासून शेकडो मैल दूर पाठवावं लागायचं. तेलाचा पैसा थेट गावापर्यंत पोचल्याचं अख्ख्या अलास्कातलं सगळ्यात ठोस उदाहरण हेच आहे. गावच्या कॉर्पोरेशनकडे, म्हणजे मूलनिवासींच्या मालकीच्या कंपनीकडे, मैदानातल्या ९२ हजार एकर जमिनीचा पृष्ठभाग आहे, खालच्या खनिजांचे हक्क प्रादेशिक कॉर्पोरेशनकडे. म्हणजे इथं फायद्याची साखळी खरोखर जोडलेली आहे.

दक्षिणेला, पर्वतांच्या पलीकडे ग्विचिन लोक राहतात, अलास्का आणि कॅनडा मिळून सुमारे नऊ हजार. त्यांचं जेवण, कपडे, कथा, सगळं पॉर्क्युपाइन कळपाभोवती. १९७१ च्या मूलनिवासी जमीन कायद्यात कॉर्पोरेशनांनी खनिज उत्पन्नाचा ७० टक्के भाग एकमेकांत वाटून घ्यायची तरतूद होती. पण आर्क्टिक व्हिलेज आणि व्हेनेटाय या ग्विचिन गावांनी त्या तडजोडीऐवजी आपली सुमारे १८ लाख एकर जमीन पूर्ण हक्कानं घेतली. त्यामुळे त्या गावांना तेलातून वाटा नाही. पिल्लं जगण्याचं प्रमाण घटलं तर मात्र नुकसान पहिलं त्यांचं. कॅनडानं आपल्या बाजूचा विणीचा प्रदेश राष्ट्रीय उद्यानांत घातला आहे आणि १९८७ मध्ये दोन्ही देशांनी या कळपाच्या रक्षणाचा करारही केला. कळपाला सीमा कळत नाही. लीजचा कागद मात्र सीमेवर थांबतो.

हे नुकसान तेल न निघताही होऊ शकतं. १९८४ आणि १९८५ च्या हिवाळ्यात जमिनीखालच्या तेलाचा अंदाज घ्यायला या मैदानावर भूकंपलहरींचा सर्व्हे झाला. जड वाहनांच्या चाकोऱ्या बर्फाखालच्या शेवाळ-गवताच्या गादीवर उमटल्या, आणि काही ठिकाणी त्या पंचवीस वर्षांनीही दिसत होत्या. गादी दबली की खालची गोठलेली जमीन वितळते, खड्डा पडतो, पाणी साचतं, आणि आणखी वितळते. २०१७ च्या कायद्यात बांधकामाखाली फक्त २,००० एकर येतील अशी मर्यादा आहे. हे कलम नीट वाचा. पाइपलाइनच्या बाबतीत तिच्या खांबांच्या पायाची जागा मोजली जाते, पाइप जिथून जातो तो पट्टा मोजला जात नाही. आणि हे २,००० एकर सलग असायला हवेत असंही नाही. ते मैदानभर विखुरलेले असू शकतात. कॅरिबू मादी पिल्लू घेऊन रस्त्यापासून किती लांब राहते, हे खांबाच्या पायावरून ठरत नाही.

शेवटच्या साफसफाईचा खर्च कुणाचा, हेही आताच बघावं. याच नॉर्थ स्लोपवरच्या, म्हणजे अलास्काच्या उत्तर पट्ट्यातल्या, राष्ट्रीय पेट्रोलियम राखीव क्षेत्रात अमेरिकी सरकारनं १९४४ ते १९८२ या काळात १३६ विहिरी खोदल्या. बऱ्याच उघड्याबोडक्या सोडल्या गेल्या. त्यांच्या साफसफाईसाठी २०१३ मध्ये काँग्रेसनं ५ कोटी डॉलर मंजूर केले. विहीर बुजवण्याचं काम क्षेत्राच्या म्हातारपणी येतं, तेव्हा पहिला मालक बहुधा विकून गेलेला असतो आणि शेवटच्याकडे पैसा नसतो. म्हणून लीज देतानाच पूर्ण खर्चाइतकी ठेव घेतली जाते का, हे मी नेहमी तपासतो. क्वचितच घेतली जाते.

हे अमेरिकेपुरतं आहे असं वाटत असेल तर इक्वेडोरच्या यासुनी राष्ट्रीय उद्यानाचं बघा. तिथं तेल काढणारी कंपनी सरकारीच. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कोरेआ म्हणाले, जगानं ३.६ अब्ज डॉलर दिले तर हे तेल आम्ही जमिनीतच ठेवतो. २०१३ पर्यंत प्रत्यक्षात सव्वा कोटी डॉलरच्या आसपास जमले. योजना गुंडाळली गेली आणि २०१६ मध्ये उत्पादन सुरू झालं. नफा खासगी खिशात जात नव्हता, पण देशाच्या तेलाचा मोठा भाग चीनच्या कर्जांच्या परतफेडीला आधीच बांधलेला होता. ऑगस्ट २०२३ च्या सार्वमतात सुमारे ५९ टक्के लोकांनी तेल थांबवायला कौल दिला. पण यासुनीतला हा तेलाचा पट्टा ज्या ओरेयाना प्रांतात मोडतो, तिथल्या बहुसंख्य मतदारांनी उलट कौल दिला. त्यांचा रोजगार त्यावर होता. काक्तोविकसारखाच पेच.

म्हणून माझं मत सांगतो. काक्तोविकची गरज खरी आहे आणि ती मोजता येते: शाळा, दवाखाना, पाणी, समुद्रानं कुरतडत चाललेला किनारा. जुन्या क्षेत्रांचं तेल आटेल तसा बरोचा कर आटणार आहे, आणि अभयारण्यात तेल निघालं तरी ते दहा वर्षांनी. गावाला दहा वर्षं थांबायला सांगून त्याच्या नावानं लिलाव करणं मला पटत नाही. केंद्रानं हा खर्च थेट उचलावा, दीर्घ मुदतीच्या कायद्यानं, तेलाच्या अटीशिवाय. २०२१ च्या लिलावात बाजारानं या मैदानाची किंमत १ कोटी ४४ लाख डॉलर लावली आणि २०२५ मध्ये शून्य. तीनशे माणसांच्या गावाला नीट जगता यावं यासाठी लागणारा पैसा अमेरिकेला या मैदानातूनच काढावा लागेल, असं कुठल्याच हिशोबात बसत नाही.